दादा, ९ मिमी की पॉइंट फॉर्टीफाईव्ह?

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मामेभावाचा फोन आला. हा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, टेक्सासात असतो, दोघं नवराबायको नोकरी करतात, सहा वर्षांची मुलगी आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जरा घुटमळला आणि म्हणाला, "दादा, एक विचारायचं होतं. आईला सांगू नकोस हं. पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. ९ मिमी घेऊ की पॉइंट फॉर्टीफाईव्ह?"

(मामी, आता त्यानेच तुम्हाला सगळं सांगितलंय म्हणून लिहितोय. माझ्यावर चिडू नका.)

झालं होतं असं की त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून भरदिवसा चोरी झाली. घरात कोणी नव्हतं हे नशीब. पण त्या रात्रीपासून ह्याला झोप येईना. दुसऱ्या दिवशी दुकानात गेला. काउंटरवरच्या माणसाने दोन मिनिटांत निकाल दिला, की तुला .४५, एकच गोळी पुरते, आणि बायकोला एक छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर, पर्समध्ये मावेल असं. कार्ड काढून द्यायचं तेवढं बाकी होतं, पण ह्याला सुबुद्धी झाली आणि आधी मला फोन केला.

पुण्यातल्या, नाशिकच्या नातेवाइकांना हे सगळं वाचून धक्का बसेल ह्याची कल्पना आहे. आपल्याकडे बंदूक म्हणजे पोलीस, बँकेचा वॉचमन नाहीतर सिनेमा. इथे ती किराणा मालासारखी मिळते. मिळावी की नाही हा वेगळा वाद आहे, त्यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत आणि दिवाळीच्या फराळाला त्यावरून एकदा भांडण झालेलं आहे. पण ज्याने घ्यायचं ठरवलंच आहे त्याने निदान चुकीचं घेऊ नये, एवढ्यापुरतं आज लिहितोय. कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

मी गेली बारा-तेरा वर्षं रेंजवर जातोय. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने नेलं आणि कागदाच्या लक्ष्यावर नेम धरायचा नाद लागला. दोन वर्षांनी मला वाटलं आपल्याला आता कळायला लागलं. आणि मी बायकोसाठी म्हणून .३५७ मॅग्नमचं एक टीचभर रिव्हॉल्व्हर घेऊन आलो. हलकं, देखणं, आणि दुकानदाराच्या भाषेत 'बायकांसाठी एकदम योग्य'. तिने रेंजवर पाच गोळ्या झाडल्या. पाचवीनंतर ते शांतपणे टेबलावर ठेवलं. अंगठ्याच्या बेचक्यात लाल झालं होतं, दुसऱ्या दिवशी सूज आली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "हे तू तुझ्यासाठी घेतलंयस. माझ्यासाठी घेतलं असतंस तर आधी मला विचारलं असतंस."

त्यानंतर तिने त्याला कधी हात लावला नाही. म्हणजे जे तिच्या संरक्षणासाठी घेतलं ते तिला वापरताच येत नव्हतं, आणि तरीही ते घरात होतं. ह्यापेक्षा वाईट अवस्था कुठली? पुढे ते विकून टाकलं.

तर मामेभावाला मी काय सांगितलं ते आता नीट लिहितो.

पहिली गोष्ट, ह्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. कॅलिबर म्हणजे ढोबळ मानाने गोळीचा व्यास. .४५ म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश. पण नावं सगळी ऐतिहासिक गोंधळातून आलेली आहेत. .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचाची असते, म्हणजे .३५७ मॅग्नमचीच. ९ मिमीची ०.३५५. ज्याला इथे .३८० म्हणतात त्याचं युरोपातलं नाव '९ मिमी शॉर्ट'. म्हणजे ही चारही भावंडं जाडीने जवळजवळ सारखीच. फरक आहे तो गोळीच्या वजनात आणि मागे किती दारू भरली आहे ह्यात. म्हणूनच .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलची काडतुसं चालतात, उलट मात्र चालत नाही. .३५७ चं काडतूस मुद्दाम थोडं लांब केलंय, ते .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून.

दुसरी गोष्ट धक्क्याची, ज्याला रिकॉइल म्हणतात. हे नववीतलं न्यूटनचं गणित आहे. गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते तेवढ्याच संवेगाने पिस्तूल मागे येतं. (दारूच्या वायूचाही त्यात वाटा असतो, तो सध्या सोडून देऊ.) नेहमीची ९ मिमीची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. .४५ ची १५ ग्रॅमची, वेग २६० मीटर. गुणाकार करा. ९ मिमीचे २६२५, .४५ चे ३९००. म्हणजे धक्क्याचा संवेग जवळजवळ दीडपट. आता गोळीची ऊर्जा काढा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ९ मिमीची येते सुमारे ४६० ज्यूल, .४५ ची सुमारे ५०५. म्हणजे दहा टक्के जास्त. हाताने सोसायचं दीडपट, आणि पुढे पोचतं ते एवढंसं जास्त! ऊर्जा म्हणजेच सगळं नव्हे हे मान्य, पण 'एकच गोळी पुरते' म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.

तुलनेला आणखी दोन. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमहून किंचित जास्त, पिस्तुलातून वेग ३०० च्या आसपास, म्हणजे गुणाकार जेमतेम ७८०. आणि १९७१ च्या 'डर्टी हॅरी'ने घराघरांत नेलेली .४४ मॅग्नम? साडेपंधरा ग्रॅम गुणिले सुमारे ४००. सहा हजाराच्या वर. क्लिंट ईस्टवूड ते एका हाताने सहज चालवतो. सिनेमात खरं काडतूस नसतं, एवढंच सांगतो :)

पण खरी गंमत पिस्तुलाच्या वजनात आहे, आणि माझी चूक तिथेच झाली होती. संवेग तोच असेल आणि पिस्तुलाचं वजन निम्मं केलं तर हातात येणारी धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. अर्ध्या किलोच्या खिशातल्या ९ मिमी पिस्तुलाचं गणित केलं तर ती येते जवळजवळ ७ ज्यूल. सव्वाशे वर्षांकडे झुकलेल्या त्या प्रसिद्ध १९११ मॉडेलचं .४५, पूर्ण पोलादी, वजन १.१ किलो, त्याचीही येते तेवढीच! म्हणजे 'लहान पिस्तूल लहान हाताला' हा हिशोब चक्क उलटा आहे. चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचं .३८ रिव्हॉल्व्हर, जे दुकानदार बायकांच्या हातात ठेवतात, तेही त्याच पंक्तीत बसतं. वर त्याचा चाप लांब आणि जड, ओढायला पाचेक किलोचा जोर लागतो, आणि नळी एवढी आखूड की नेम जरा हलला की गोळी भलतीकडे. ते खरं तर मुरलेल्या माणसाचं हत्यार. नवशिक्याच्या हातात ते देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट विहिरीत ढकलणं.

छोट्या .३८० पिस्तुलांची गोष्ट अशीच. काडतूस सौम्य, पण त्यातली बरीच पिस्तुलं साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात, आणि हलकी. त्यामुळे हाताला मऊ वाटायच्या ऐवजी झटका बसतो. शिवाय स्प्रिंग ताठ असते. स्लाइड मागे ओढताना कित्येकांची बोटं पांढरी पडतात. ज्यांना संधिवात आहे त्यांनी तर आधी स्लाइड ओढता येते का हे बघावं, कॅलिबरचं नंतर. ह्याच अडचणीसाठी स्लाइड ओढायला सोपी अशी मुद्दाम बनवलेली मॉडेलंही आता मिळतात.

आता कोणी म्हणेल, धक्का काय, क्षणभर सोसायचा. मुद्दा दुखण्याचा नाहीच. मुद्दा दचकण्याचा आहे. आवाज आणि धक्का येणार हे मेंदूला एकदा कळलं की तो चाप ओढायच्या आधीच हात आवळतो आणि नळी खाली झुकते. आपल्याला वाटतं धक्क्याने नेम चुकला. प्रत्यक्षात गोळी सुटायच्या आधीच आपण तो घालवलेला असतो. हे बघायची साधी युक्ती आहे. दुसऱ्या कुणालातरी मॅगझिन भरायला सांगायचं आणि मध्येच एखादं खोटं काडतूस घालायला सांगायचं. ते आलं की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, पण नळी मात्र मुजरा केल्यासारखी वाकते. पहिल्यांदा माझी वाकली तेव्हा लाज वाटली होती. ही सवय मोठ्या कॅलिबरने एकदा लागली की सोडवायला महिने जातात. म्हणून सुरुवात .२२ ने करावी असं माझं ठाम मत आहे. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकली ती २५ मीटर पिस्तुलात, आणि तो प्रकार .२२ चाच. त्याला खेळणं म्हणून हिणवणाऱ्यांनी पंचवीस मीटरवरून दहाचं वर्तुळ गाठून दाखवावं.

मोठ्या गोळीचा मोह फक्त आपल्यालाच होतो असं नाही. अमेरिकन लष्कराला फिलिपिन्सच्या लढाईत .३८ अपुरी वाटली, १९०४ मध्ये चाचण्या झाल्या, आणि पुढे १९११ साली .४५ आलं. १९८५ मध्ये त्याच लष्कराने ९ मिमी स्वीकारलं आणि २०१७ मध्ये नवं पिस्तूल निवडलं तेही ९ मिमीच. एफबीआयची कथा तर आणखी बोलकी. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन गुन्हेगारांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका गुन्हेगाराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिमीची गोळी हृदयापर्यंत पोचली नाही, आणि तो पुढे लढत राहिला. खापर गोळीवर फुटलं. मग आली १० मिमी. तिचा धक्का पुष्कळ एजंटांना पेलेना. म्हणून तिची दारू कमी केली, आणि त्यातूनच १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू जन्माला आली. देशभरच्या पोलिसांनी ती उचलली. आणि २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने कारणं मांडून सांगितलं की ९ मिमीकडे परत जा. गोळ्यांची रचना आता इतकी सुधारली आहे की ह्या कॅलिबरांच्या जखमांत ठळक फरक राहिलेला नाही, आणि बहुतेक एजंट ९ मिमीने जास्त जलद आणि जास्त अचूक मारा करतात. जवळजवळ तीस वर्षांची प्रदक्षिणा घालून गाडी मूळ स्टेशनावर! माणूस थांबतो तो गोळी कुठे लागली त्यावर, हे एवढे पैसे घालवून त्यांनी शिकलेलं आपल्याला फुकट मिळतंय.

मी मामेभावाला विचारलं, "तुला ते नेमकं कशाला हवंय?" तो म्हणाला, "म्हणजे काय? सेफ्टीसाठी."

हे उत्तर पुरत नाही. कागदावर नेम धरायचा असेल तर .२२, काडतुसंही सगळ्यात स्वस्त. डोंगरात अस्वलांच्या भागात फिरायचं असेल तर लोक १० मिमी किंवा .४४ मॅग्नम नेतात, आणि जाणकार सांगतात की अस्वलाचा स्प्रे आधी घ्या. कमरेला लावून हिंडायचं असेल तर आकार आणि वजन बघावंच लागतं, आणि त्याची किंमत धक्क्यात मोजावी लागते. पण जे घरात पेटीत राहणार ते लहान आणि हलकं कशाला हवं? तिथे पूर्ण आकाराचं, वजनदार ९ मिमी हे माझं उत्तर. काडतुसं .४५ पेक्षा स्वस्त, म्हणजे सराव जास्त होतो. आणि घरात दोघं वापरणार असतील तर निवड त्यातल्या कमी ताकदीच्या हाताने करायची. दणकट हाताला सौम्य पिस्तुलाने काही नुकसान होत नाही, उलट्या बाजूने मात्र होतं.

आपल्याकडे भारतात हा प्रश्न कायद्यानेच सोडवून टाकलाय. ९ मिमी 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं, त्यामुळे परवाना मिळाला तरी सर्वसाधारण माणसाच्या वाट्याला .३२ सारखी हत्यारं येतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं तेही .३२ चं, वजन सुमारे अर्धा किलो. काडतूसच सौम्य असल्याने एवढ्या हलक्या वजनातही ते हाताला चालतं. त्याची किंमत लाखाच्या वर होती, तेव्हा ते नेमक्या किती बायकांच्या हातात पडलं असेल हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

आता जे मामेभावाला ऐकायचं नव्हतं ते. मी विचारलं, "मुलगी कुठे झोपते?" म्हणाला, "आमच्या शेजारच्या खोलीत." इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंना जिप्समचे पातळ पत्रे. ९ मिमी, .४५, .३८, सगळ्या त्यातून आरपार जातात. .२२ सुद्धा जाते. त्यामुळे अमुक कॅलिबर भिंतीत अडकतं म्हणून सुरक्षित, असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. कोण कुठे झोपतंय, आपण कुठे उभे राहणार, कुठल्या दिशेला कधीच नळी करायची नाही, हे दिवसाउजेडी घरात फिरून ठरवावं लागतं. आणि आणखी एक. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तिथे कॅलिबरचा, धक्क्याचा, नेमाचा काही संबंध येत नाही. पेटीला कुलूप होतं की नाही आणि किल्ली कुणाकडे होती, एवढाच संबंध येतो. घरात कुणाचे दिवस वाईट चालले असतील तर पिस्तूल घरात नको. हे मी कुणालाही सांगतो, त्यात सगे-सोयरे बघत नाही.

फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, तू मला घेऊ नको म्हणतोयस का?"

मी म्हटलं, मी तुला दुकानात जाऊ नको म्हणतोय, रेंजवर जा. तिलाही ने. तिथे भाड्याने मिळतात.

ते दोघं पुढच्या रविवारी गेले. शिकवणारी एक साठीची बाई होती म्हणे. तिने दोघांना आधी .२२ दिलं, मग पूर्ण आकाराचं ९ मिमी, मग .४५. मामेभावाच्या बायकोचे ९ मिमीचे दहापैकी आठ वळईत एका ठिकाणी पडावेत तसे पडले. ह्याचे .४५ चे सगळे खाली, डावीकडे. बाईने त्याच्या मॅगझिनमध्ये खोटं काडतूस घातलं आणि नळीने मुजरा केला. बायको हसली. हा आधी रुसला, मग हसला.

संध्याकाळी तिने स्वतः फोन केला. म्हणाली, "दादा, एक सांगू का? त्याला पिस्तुलापेक्षा झोप हवीय. आम्ही आधी दाराचं कुलूप बदललं, मागच्या दाराला दिवा लावला. आठ आठवड्यांचा क्लास लावलाय, दोघांनी मिळून. तो संपल्यावर घ्यायचं की नाही ते ठरवू. आणि घ्यायचं झालं तर पेटी आधी येईल, पिस्तूल नंतर. आणि निवडणार मी."

मी म्हटलं, बरोबर आहे. हे वाक्य आमच्या घरात बारा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर माझे पैसे वाचले असते. पलीकडून बायको ओरडली, "म्हटलं होतं, तू ऐकलं नाहीस!"

असो. क्लासचा तिसरा आठवडा चालू आहे. मामेभाऊ अजून .२२ वरच आहे. झोप लागते म्हणतो.